ताल, खेळ आणि बालशिक्षण

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने मला या प्रसंगी चार शब्द बोलण्यास पाचारण केले, याबद्दल मी प्रथम मंडळाचे आभार मानतो. व्यासपीठावर डॉक्टर, वकील, इंजिनियर अशी विद्वान मंडळी विराजमान असताना, मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने शिक्षणाविषयी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु या विद्वानांपैकी प्रत्येकाला पहिले अक्षर माझ्यासारख्याच कोणा शिक्षकाने गिरवावयास लावले असणार, एवढा आधार धरून मी आपणापुढे उभा आहे. माझ्या नोकरीतील बहुतेक वर्षे माझ्याकडे इयत्ता पहिलीचा वर्ग होता. उंबरठ्यावर रडत आलेले मूल वर्षअखेर वाचू लागते, हा चमत्कार मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. आणि काही मुलांच्या बाबतीत तो का घडत नाही, याचाही विचार मला करावा लागला आहे.

आताच चिटणीसांनी अहवाल वाचला. दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्यांना पारितोषिके, उच्च शिक्षणास शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची डागडुजी, ही सर्व कार्ये अभिनंदनीय आहेत. परंतु या संपूर्ण अहवालात सहा वर्षांखालील बालकाचा उल्लेख एकदाही आला नाही. आपण कळसाला सोन्याचा मुलामा देतो. पायाच्या दगडाकडे मात्र आपले लक्ष नाही. यंदा मंडळापुढे एक ठराव आहे. आपल्या कार्यालयाची ओसरी व अंगण रोज सकाळी रिकामे असते. लग्नाच्या तिथी वगळून तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी चालवावी, आणि तिचा मुख्य भर गाणी, ताल व हालचालींचे खेळ यांवर असावा, असा तो ठराव आहे. त्यावर दोन आक्षेप माझ्या कानी आले. एक असा की, आपल्या मुलांना नाचगाणे शिकविण्यासाठी समाजाचा पैसा का खर्चावा? दुसरा असा की, स्पर्धेच्या या युगात त्याच वेळात मुले मुळाक्षरे व पाढे का शिकू नयेत? दोन्ही आक्षेप घेणारे सद्गृहस्थ समाजाचे हितचिंतकच आहेत. म्हणून त्यांचा आदर राखून मी उत्तर देऊ इच्छितो.

प्रथम नाचगाण्याविषयी. ज्याला आज आपण नाचगाणे म्हणून बाजूस सारू पाहतो, त्याच्यावरच आपण सर्व वाढलो आहोत. आई तान्ह्याला मांडीवर घेऊन तालात डोलविते. त्याच्या तळहातावर बोट टेकवीत मोराला बोलाविते. आजी न्हाऊमाखू घातलेल्या नातवाला तीट लावताना अडगुलं-मडगुलं म्हणते. पुढे ते मूल भावंडांसह वर्तुळात बसून आपडी-थापडी खेळते. आश्विनात पाटावरील हत्तीभोवती मुली फेर धरतात, तो भोंडला. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा. शाळेच्या पटांगणावर लेझीम. आणि आषाढात दिंडीतील पावली. या महाराष्ट्रात देवाचे नाव घेतानासुद्धा टाळ हाती असतो आणि पाऊल तालावर पडते. ज्या भूमीत संतांनी भक्ती नाचत-गात शिकविली, त्या भूमीत बालकाने गाणे म्हणत पाऊल टाकले तर आपल्या प्रतिष्ठेस बाध येतो काय? जुन्या काळी गाणाऱ्याकडे भल्या घरची माणसे तुच्छतेने पाहत असत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून तो कलंक धुऊन काढण्यास आरंभ केला. त्या गोष्टीला आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली. निदान आपण तरी मागे जाऊ नये.

आता ही परंपरा घरोघरी चालू असती, तर मला हे भाषण करण्याचे कारणच नव्हते. परंतु वस्तुस्थिती काय आहे? कुटुंब लहान झाले, आजी गावी राहिली, नातू शहरातल्या दोन खोल्यांत वाढू लागला. अंगण गेले, त्याबरोबर अंगणातले खेळ गेले. आई-वडील दोघेही कामावर. मूल रडू लागले की त्याच्या हाती मोबाइल येतो. त्यातही गाणी असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या गाण्यात आणि आजीच्या गाण्यात एक मोठा भेद आहे. यंत्रातले गाणे मुलासाठी थांबत नाही. आजी एक ओळ म्हणून थांबते, नातवाकडे पाहते, त्याच्या ओठांवर पुढचा शब्द येईतो धीर धरते. तो चुकला तर हसते, दमला तर लय संथ करते. शिक्षण या थांबण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हिंडावे-बागडावे, त्यांपैकी ६० मिनिटे तरी चांगला दम लागेल असे खेळावे, आणि पडद्यापुढे बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे सांगितले आहे. आपल्या घरातील बालकाचा कालचा दिवस आठवून प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा.

बालशिक्षणात गाणे आणि हालचाल यांना स्थान देणे ही कोणा छांदिष्टाची कल्पना नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली ब्लॅंकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तीच पुढे बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, या नावाने जगभर पसरली. त्याने १८४४ साली आयांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तकच तयार केले. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे संगीत शिकविताना दालक्रोझ या शिक्षकाच्या ध्यानात आले की, विद्यार्थ्यांच्या बोटांना वाद्य येते, परंतु अंगात लय नाही. तेव्हा त्याने त्यांना तालावर चालावयास लावले आणि त्यातून एक स्वतंत्र शिक्षणपद्धती उभी राहिली. हंगेरीचा संगीतकार कोदाय याने आपल्या देशातील मुलांचे संगीतशिक्षण मातृभाषेतील लोकगीतांवर उभारले. डॉ. मारिया मॉंटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत जमिनीवर आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळीत चालण्याचा खेळ आहे, आणि अगदी निःशब्द बसून बारीक आवाज ऐकण्याचाही खेळ आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात? ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र उघडले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा या दोन स्त्रियांचा बाणा होता. परदेशी महागडी साधने न मागविता त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले यांवर शिकविले आणि गाणी, गोष्टी, नाच यांना शिक्षणात मानाचे स्थान दिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातील अंगणवाडी आज गावोगाव आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून मानली असून त्यांत खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. तेव्हा आपला ठराव काही जगावेगळा नाही.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. गाण्याने आणि खेळाने मूल नेमके शिकते काय? मी पाहिलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कानाची. वाचन डोळ्याने होते असे आपण समजतो. परंतु त्याची पूर्वतयारी कानाने होते. शब्द हा लहान-लहान ध्वनींचा बनलेला आहे, हे ज्या मुलाला कळले नाही, त्याला अक्षर म्हणजे नुसते चित्र वाटते. ‘पाणी’ म्हणताना दोन टाळ्या, ‘कमळ’ म्हणताना तीन, ‘चिमणराव’ म्हणताना पाच, असा खेळ मुले पंधरा मिनिटे आनंदाने खेळतात. गाण्यातील यमके जुळविता जुळविता ‘माळ’ आणि ‘बाळ’ यांत काय सारखे व काय निराळे, हे त्यांना आपोआप उमगते. अशा मुलापुढे मी पाटीवर ‘म’ काढला की त्याला तो ओळखीच्या माणसासारखा भेटे. ज्या मुलाचा हा पाया झालेला नसे, त्याच्याकडून तोच ‘म’ शंभर वेळा गिरवून घ्यावा लागे आणि तरीही ‘माळ’ वाचता येत नसे.

दुसरी गोष्ट हाताची. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ओळीत अक्षरे काढण्याची सक्ती करणे, हा त्या कोवळ्या बोटांवर अन्याय आहे. खांदा, कोपर, मनगट यांना बळ आल्यावाचून बोटांना स्थैर्य येत नाही. टिपऱ्या वाजविणे, टाळ्या देणे, हात उंचावून झाड होणे, हवेत मोठी वर्तुळे काढणे, चिपळ्या धरणे, या खेळांनी ते बळ येते. उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा हात उजव्या गुडघ्याला, अशी हालचाल तालात करताना शरीराच्या दोन्ही बाजू परस्परांशी मेळ घालू लागतात. मागे-पुढे, वर-खाली, आत-बाहेर, डावे-उजवे हे शब्द मूल पाठ करीत नाही. ते शब्द त्याच्या पायांना कळतात. पुढे गणितात आणि भूगोलात हेच शब्द त्याला उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट मनाच्या लगामाची. खंजिरी वाजते आहे तोवर धावावे, ती थांबताच जागच्या जागी मूर्तीसारखे उभे राहावे, हा खेळ आपण सर्वांनी पाहिला असेल. वरवर पाहता ती करमणूक आहे. परंतु धावण्याची अनिवार इच्छा असताना स्वतःला थांबविणे, हा मोठा संयम आहे. तीनतालात तीन ठिकाणी टाळी द्यावयाची आणि खालीच्या जागी हात रिकामा उघडावयाचा, यातही तोच धडा आहे. टाळी देणे सोपे. खालीच्या जागी टाळी न देणे कठीण. जे मूल हे साधते, ते वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबू शकते, प्रश्न पुरता ऐकून उत्तर देऊ शकते. ‘गप्प बसा’ असे ओरडून हा गुण येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

चौथी गोष्ट सोबतीची. जर्मनीतील लाइपझिग येथे किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेऊन एक प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. काही जोड्यांना गात, नाचत, वाद्ये वाजवीत खेळविले. काहींना तशाच खेळण्यांनी परंतु संगीतावाचून खेळविले. नंतर पाहिले तो, एकत्र गाऊन खेळलेली मुले परस्परांच्या मदतीस अधिक तत्परतेने धावली. आपल्या दिंडीचा अनुभव काय वेगळा आहे? एका तालावर पाऊल पडू लागले की शेजारचा माणूस परका राहत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. ती अनेक दिवस एक अक्षर बोलली नाही. परंतु सर्वजण फेर धरून गाऊ लागले की तिचे ओठ हलत. तिचा पहिला शब्द मी ऐकला तो गाण्यातच. आणि मग हळूहळू तो बोलण्यात आला. समूहाच्या आवाजात लाजऱ्या मुलाला आसरा मिळतो. एकट्याने उभे राहून उत्तर देण्यापूर्वी हा आसरा त्याला हवा असतो.

येथे कोणी विचारील की, मुलाने नुसते पाहिले-ऐकले तर चालणार नाही काय? कॅनडातील दोन संशोधिका, जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर, यांनी २००५ साली सात महिन्यांच्या बालकांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच ठेका ऐकवीत काही बालकांना दर दुसऱ्या मात्रेवर, तर काहींना दर तिसऱ्या मात्रेवर हलकेच डोलविले. पुढे ही बालके आपण ज्या चालीवर डोललो होतो तीच चाल अधिक वेळ ऐकू लागली. परंतु ज्यांनी दुसऱ्यास डोलताना केवळ पाहिले, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ते पाय ताल धरू लागतात तेही पाळण्यातच! ताल अंगात उतरतो तो अंग हलल्यानेच.

मात्र मी अतिशयोक्ती करणार नाही. संगीताने मूल अलौकिक बुद्धिमान होते, अशी जाहिरात करून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. १९९३ साली अमेरिकेत मोझार्टचे संगीत ऐकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका प्रकारच्या कोड्यात थोडा वेळ थोडे अधिक यश आले, एवढाच निष्कर्ष निघाला होता. त्याचा गवगवा असा झाला की, १९९८ साली तेथील जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी संगीताची तबकडी पाठविण्याची योजना मांडली! मूळ प्रयोगात बालक एकही नव्हते. तेव्हा आपली बालवाडी कोणास पंडित बनवील असे वचन मी देत नाही. कान सावध, हात तयार, मन आवरलेले आणि सोबत्यांविषयी आपुलकी असलेले मूल ती पहिलीच्या शिक्षकाच्या हाती देईल, एवढेच मी म्हणतो. आणि शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

आता प्रत्यक्ष व्यवस्थेविषयी थोडे सांगतो, म्हणजे खर्चाची भीती राहणार नाही. रोज अर्धा तास या कामास पुरे. बाकीचा वेळ गोष्टी, माती, रंग व मोकळा खेळ यांचा. आरंभी चार-पाच मिनिटे प्रत्येक मुलाचे नाव गुंफून स्वागताचे गाणे. त्यानंतर ढोलकीच्या तालावर चालणे, धावणे, थांबणे. हत्तीसारखे संथ, सशासारखे चपळ. मग अभिनयाचे एक गाणे. नवे गाणे आठवड्यातून एकच, कारण मुलांना पुनरुक्तीचा कंटाळा नसतो, तो आपल्याला असतो. पुढे वाद्ये, आणि शेवटी चटईवर पडून अंगाईगीत, म्हणजे उधळलेले मन शांत होते. वाद्ये म्हणजे खंजिरी, घुंगरू, हलक्या टिपऱ्या, नारळाच्या करवंट्या आणि घट्ट झाकण लावलेल्या डब्यांतील चिंचोके. जड लेझीम एवढ्या मुलांच्या हाती देऊ नये. केहरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा एवढे ठेके शिक्षिकेला धरता आले म्हणजे बहुतेक बालगीते निभावतात. गळा गोड असलाच पाहिजे असे नाही. आईचा गळा कोणते मूल तपासते?

काही पथ्ये मात्र पाळावीत. मुलांचा आवाज उंच असतो. त्यांना मोठ्या माणसांच्या खालच्या पट्टीत गावयास लावू नये, की ओरडून गावयास सांगू नये. ध्वनिक्षेपकाच्या भिंतींपुढे लहान मुलांना नाचविण्याची जी रीत आपल्या वराती-मिरवणुकांत शिरली आहे, ती त्यांच्या कानांना घातक आहे. जे मूल तालाकडे लक्षच देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, त्याला हट्टी ठरविण्यापूर्वी त्याचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. मुलगे आणि मुली यांना एकाच फेरात घ्यावे. फुगडी मुलींची व उड्या मुलांच्या, असा भेद नको. आणि जे मूल फेराबाहेर उभे राहून पाहते, त्याला हात धरून ओढू नये. ते आपल्या वेळी आत येते.

आणखी एक विनंती करतो. ती कोणास कटू वाटली तर क्षमा असावी. आपल्या स्नेहसंमेलनात साडेतीन वर्षांची मुले पाढे, राजधान्यांची नावे आणि इंग्रजी कविता घडाघडा म्हणतात आणि आपण टाळ्यांचा कडकडाट करतो. त्या बालकाचे डोळे मी जवळून पाहतो. ते आपल्या आईकडे लागलेले असतात, चुकले तर काय होईल या भीतीने. यापुढे या व्यासपीठावर बालकांची स्पर्धा नको. आठ-दहा मुलांनी मिळून एक फेराचे गाणे म्हणावे, त्यात कोणास पहिला क्रमांक नसावा. खाऊ मात्र सर्वांस मिळावा.

आणि शेवटचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ही बालवाडी आपल्या ज्ञातीच्या पैशाने चालेल, परंतु तिचे दार गल्लीतील प्रत्येक मुलास उघडे असावे. आपल्या कार्यालयात भांडी घासावयास येणाऱ्या बाईचे मूल पायरीवर बसून आतले गाणे ऐकत आहे, असे दृश्य मला पाहावयाचे नाही. फेरात हात धरताना मूल जात विचारीत नाही. ते फक्त हात मोकळा आहे की नाही, एवढेच पाहते. ज्ञातिसंस्थेने आपल्या माणसांना वर आणावे हे योग्यच. परंतु ज्या अंगणात सर्वांची मुले खेळली, त्या अंगणाची आठवण समाज पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो.

समाजातील वडीलधाऱ्या भगिनींना माझी हात जोडून प्रार्थना आहे. आपणांपैकी पुष्कळजणींच्या मुखी ओव्या, अंगाया, भोंडल्याची व झिम्म्याची गाणी आहेत. ती कोणत्याही शाळेत शिकविली जात नाहीत. आठवड्यातून एक सकाळ या बालवाडीस द्या. आपण म्हणाल, आम्हाला शिकविता येत नाही. आपण फक्त गा, आणि मुलांसाठी थांबा. शिकणे मुले करतील.

ठराव उद्या सकाळच्या सभेत येईल. त्याला लागणारा खर्च एका गुणगौरव समारंभाच्या मंडपाइतकाही नाही. सभासदांनी तो एकमताने संमत करावा, अशी मी विनंती करतो. ओसरीवर ढोलकी धरून बसावयास एक मनुष्य हवा असल्यास, हा निवृत्त शिक्षक विनावेतन हजर आहे.